खाडीचा हजेरीपट

मुकादमांना वेळ विचारली की ते उलट तिथी विचारायचे.

"मुकादम, उद्या किती वाजता येऊ?"

"उद्या काय हाय? षष्ठी ना? मग साडेदहाला या."

मनगटावर घड्याळ होतं आणि ते चालूही होतं. पण ते बघायचं बससाठी आणि बातम्यांसाठी. बाकी सगळा दिवस खाडीच्या पाण्यावर चालायचा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. त्यात सहा मिळवले की ओहोटी. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब पुष्कळांना येतो. मला आकडे ताडून पाहायची सवय आहे, म्हणून मी दोन महिने मुकादमांची वेळ आणि छापील तक्त्यातली वेळ शेजारी शेजारी लिहिली. चाळीस मिनिटांपेक्षा जास्त फरक एकदाही पडला नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तक्ता चाळीस मिन्टं चुकतो, म्हणा की."

मुकादम बौद्ध. बाहेरच्या खोलीत बुद्धांची मूर्ती, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि समोरच्या भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर. त्यात प्रत्येक अष्टमीभोवती निळ्या पेनाने गोल. नाक्यावर कोणी ना कोणी टोमणा मारायचाच.

"काय मुकादम, घरात बुद्ध आन् भिंतीवर अष्टमी?"

"मग? उपास करतो का मी? अष्टमीला भांग असतो, भरतीला जोर नसतो, पाणी बांधाला लागत न्हाय, येवढंच. तुमची तिथी देवाची आसंल. माझी पाण्याची हाय."

नोकरी त्यांची खारभूमीच्या बांधावर गेली. आमच्या गावाची भातशेती आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. त्या बांधाला जागोजागी लाकडी दारं आहेत. त्यांना आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला उघाडी उघडून शेतातलं पाणी बाहेर काढायचं आणि भरतीच्या आधी ती बंद करायची. दार उशिरा लागलं तर खारं पाणी शेतात शिरतं. पंचवीस-तीस मजुरांची टोळी आणि सात उघाड्या एवढा मुकादमांचा कारभार होता. निवृत्त झाल्यावर तो दुसऱ्याकडे गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त मुकादमांना ते पटलं नव्हतं.

आमच्या घराच्या वास्तुशांतीला ते जेवायला बसले होते. बायकोने नुकती जिलेबी वाढली होती. मुकादमांनी खिडकीबाहेर पाहिलं, पान तसंच ठेवलं आणि उठले.

"मुकादमकाका, काय झालं? काही कमी पडलं का?" बायको घाबरली.

"न्हाय वैनी. पाणी फिरलं. उघाडी लावतो आन् येतो."

"अहो, तुम्हाला रिटायर होऊन चार वर्षं झाली!"

"मी झालो. उघाडी कुठं झाली?"

पाऊण तासाने परत आले. पाय धुतले आणि त्याच पानावर बसले. उघाडी नव्या माणसाने आधीच लावली होती. "बरोबर लावलीय," एवढं सांगितलं आणि जिलेबी संपवली.

त्यांची नि माझी खरी गाठ पडली ती झाडं मोजण्यामुळे. मी तालुक्याच्या कॉलेजात परीक्षा विभागात कारकून आहे. गुणपत्रकांत माझी चूक निघत नाही अशी ख्याती असल्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी एक दिवस मला बोलावलं. आठ-दहा देशांतल्या शास्त्रज्ञांनी मिळून एक काम काढलं होतं. खाऱ्या पाण्याच्या काठावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा चौकटी आखायच्या. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत त्यांतली झाडं मोजायची: जाती किती, प्रत्येक जातीची झाडं किती. आणि प्रत्येक जातीपुढे लिहायचं की ती माणसाच्या काय उपयोगी पडते. बांध राखते का, गुरांना चारा देते का, भाजीला चालते का, तिच्यात मासळीची पिल्लं वाढतात का. सगळ्या देशांचे आकडे एकत्र केले की कळेल, जाती कमी होतात तेव्हा हे उपयोगही कमी होतात का, आणि किती. आमच्या खाडीवर चार चौकटी ठरल्या. मोजायला खाडी ओळखणारा माणूस हवा होता आणि आकडे ठेवायला मी. खाडी ओळखणारा माणूस शोधावा लागलाच नाही.

पहिल्या वर्षी या कामाच्या प्रमुख बाई स्वतः आल्या होत्या. नेदरलँडच्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. गावाने त्यांना लगेच डच बाई करून टाकलं. त्यांनी पांढऱ्या पाइपची चौकट चिखलावर ठेवली आणि मॅडममार्फत सांगितलं की चौकटीच्या आत पाय ठेवायचा नाही. मुकादमांनी मान हलवली, बांधावर गेले आणि एक जुनी फळी घेऊन आले. ती चौकटीशेजारी टाकली, तिच्यावर उकिडवे बसले आणि बाईंच्या बुटांकडे बोट दाखवलं. बाईंचा एक बूट चौकटीच्या आत होता. चांगला चार बोटं रुतलेला.

बाई मोठ्याने हसल्या. मुकादम हसले नाहीत. त्यांनी दोन बोटांनी बुटाखालचं रोप सरळ केलं आणि म्हणाले, "लिवा भाऊसाहेब. मोरस, हजर."

अशी त्यांची मोजणी सुरू झाली. छापील फॉर्म त्यांनी बाजूला ठेवला आणि घरून मस्टर आणलं, मजुरांची हजेरी लावायची लांब, जुनी वही. डावीकडे मजुरांच्या नावांच्या जागी झाडांची नावं. तिवर, मारांडी, मोरस, खारं गवत. पुढे हजर आणि आकडा. पावसानंतरच दिसणारी झाडं उन्हाळ्यात नसली तर त्यांच्यापुढे 'रजेवर'. उपयोगाचा रकाना त्यांनी 'कामावर' या नावाने लिहिला. मारांडी: कामावर, माती धरते. मोरस: कामावर, भाजी होते, मीठ घालावं लागत नाही. खारं गवत: कामावर, म्हशी खातात, बगळे बसतात.

"मुकादम, बगळे बसणं हा उपयोग कोणाचा?" मी विचारलं.

"बगळ्याचा."

"फॉर्ममध्ये माणसाचा उपयोग विचारलाय."

"मग माणसाच्या खान्यात नका लिवू. वेगळा खाना पाडा."

मी वेगळा रकाना पाडला. पुढे डच बाईंनी तो इतर ठिकाणच्या फॉर्ममध्येही घेतला, पण ते तीन वर्षांनी.

माझी अडचण झाली ती एका ओळीने. बाहेरच्या तीन चौकटींत तिवर होतं, म्हणजे खारफुटीचं झाड. चौथी चौकट बांधाच्या पायाशी. तिथे मोरस आणि गवत यांशिवाय काही नव्हतं. तरी मुकादम चौथ्या चौकटीच्या हजेरीत पहिलं नाव तिवराचंच घ्यायचे.

"तिवर?" स्वतःच विचारायचे, वाकून बघायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "गैरहजर."

"मुकादम, जे नाही ते लिहायची गरज नाही. जे आहे तेवढंच मागितलंय."

"मस्टरवरचं नाव मजूर आला न्हाय म्हणून खोडत न्हायत."

"पण हा मजूर कधी मस्टरवर होता?"

ते फळी उचलून बांधाकडे चालू लागले. मी संगणकात ती ओळ ठेवली आणि दरवर्षी तिथे शून्य भरलं.

त्याचं उत्तर मला तिसऱ्या वर्षी मिळालं. मोजणी संपवून आम्ही बांधावर बसलो होतो. मी डब्यातली भाकरी अर्धी करून त्यांना दिली. त्यांनी ती हातात धरली आणि चौथ्या चौकटीकडे बघत म्हणाले, "तुमच्या बापाचं दीड एकर ह्याच बांधामागं ना?"

"हो."

"तुम्ही केवढे होता खांड पडली तेव्हा?"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. मी तेव्हा दुसरीत होतो. श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला, खाडी शेतांत आली, आणि पुढची तीन वर्षं त्या मातीत भात झालं नाही. माझे वडील त्या तीन वर्षांत उरणच्या मिठागरावर कामाला जात होते. शनिवारी यायचे तेव्हा त्यांच्या पायांना चिरा पडलेल्या असायच्या, एवढं मला आठवतं.

"त्याच्या आदल्या वर्षी," मुकादम म्हणाले, "बांध खचाय लागला होता. डागडुजीला मेखा पायजे होत्या. वरून हुकूम आला, समोरची तिवरं तोडा, मेखा करा, बांधाला ठोका. टोळी माझी. नोकरीचं तिसरं वरीस. एकशे बारा तिवरं तोडली. मोजून. मस्टरवर सही माझी."

माझ्या हातातली अर्धी भाकरी मी डब्यात परत ठेवली.

"लाटंचा मार अंगावर घेणारी तीच होती. तीच तोडून बांधाला ठोकली, बांध मजबूत करायला. कोणाच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्या तरी आलं का? बाप माझा बांधावर मेला, मी बांधावर वाढलो. मला कळाय पायजे होतं. फुडल्या उधाणाला बरोबर तिथंच फुटला." त्यांनी भाकरीने चौथी चौकट दाखवली. "बांध नवा झाला, तिवर काही तिथं परत आलं न्हाय. आता लिवू का नको गैरहजर?"

"लिहा," मी म्हणालो.

आता माझ्या चुकीविषयी. सूचनापत्रकात मोजणीची तारीख स्पष्ट लिहिली होती: पंचवीस ऑक्टोबर, फार तर आगेमागे चार दिवस. पहिल्या वर्षी आम्ही एकवीस ऑक्टोबरला गेलो, म्हणजे नियमात. त्या दिवशी आश्विन वद्य अष्टमी होती आणि मुकादमांनी मनात तीच धरली. दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला. अष्टमी गेली आठ नोव्हेंबरवर. तोंडाला मास्क लावून आम्ही चिखलात उभे होतो तेव्हा मी म्हणालो, "मुकादम, आपण दहा दिवस उशिरा आलोय. पत्रकात तारीख आहे."

"पाणी तारीख वाचत न्हाय, भाऊसाहेब."

मी आठ नोव्हेंबर अशी खरी तारीख लिहिली आणि कागद पाठवला. तारीख खरी लिहिली की माझी जबाबदारी संपली अशी माझी समजूत होती. मॅडमना वेगळं सांगितलं नाही, परदेशातही कळवलं नाही. तिसऱ्या वर्षी अठ्ठावीस ऑक्टोबर, चौथ्या वर्षी सतरा ऑक्टोबर, पाचव्या वर्षी पाच नोव्हेंबर, सहाव्या वर्षी चोवीस ऑक्टोबर. सहा वर्षांत तीन आत, तीन बाहेर. हे मला दुसऱ्या वर्षापासून दिसत होतं.

सहा वर्षं पूर्ण झाल्यावर सगळ्या देशांचे आकडे पहिल्यांदा एकत्र केले गेले आणि मॅडमना पत्र आलं. भाषा सभ्य होती. तुमच्या ठिकाणच्या मोजणीच्या तारखा एकसारख्या नाहीत. याचं कारण समजलं नाही तर हे ठिकाण एकत्रित अभ्यासातून वगळावं लागेल. ऑनलाइन बैठकीत आपली बाजू मांडावी.

मुकादमांना हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. ते कॅलेंडरवर पुढच्या अष्टमीला गोल करत होते. ऐकून घेतलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"वगळणार म्हंजे?"

"म्हणजे आपले सहा वर्षांचे आकडे धरणार नाहीत. आणि पुढे मोजणीही बंद."

त्यांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "तारखेला मी गेलो न्हाय. ती तर तिथं होती ना? त्यांची हजेरी का म्हणून पुसायची?"

सत्तरीच्या माणसाचा आवाज असा झालेला मला ऐकवेना. घरी येऊन मी तक्ता करायला बसलो. सहा वर्षं, सहा ओळी: आपली तारीख, त्या दिवशीची तिथी, आणि त्या वर्षी पंचवीस ऑक्टोबरला कोणती तिथी होती, पाणी कुठे होतं. माझी आशा अशी की चुकलेल्या तिन्ही वर्षी पंचवीसला उधाण निघेल आणि मुकादम बरोबर ठरतील. तसं निघालं नाही. दुसऱ्या वर्षी पंचवीसला दसरा होता. पाणी कमी, चौकटी कोरड्या. पाचव्या वर्षी एकादशी; तेव्हाही जमलं असतं. फक्त चौथ्या वर्षी पंचवीसला अमावास्या होती, त्यात सूर्यग्रहण. भर दुपारी उधाणाची भरती आणि चौकटींवर गुडघाभर पाणी. तीनपैकी एक वर्ष आमच्या बाजूने.

बैठकीच्या आदल्या दिवशी मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. तक्ता पाहून मॅडम म्हणाल्या, "आपण चौथ्या वर्षाचंच सांगू या. तुमचं म्हणणं त्यात स्वच्छ दिसतंय. बाकीच्या दोन वर्षांचं त्यांनी विचारलं तर बघू."

मुकादमांनी तक्ता स्वतःकडे ओढला, चष्मा वर केला आणि कागद नाकाशी धरला. तेव्हाच त्यांची नजर कमी झालेली मला कळायला हवी होती.

"भाऊसाहेब, पंचवीस एकलीच का धरली? आगेमागे चार दिवस होते ना?"

"होते."

"मग चौथ्या वर्षी एकवीसला काय होतं?"

मी मोबाइलवर पाहिलं. वद्य एकादशी.

"भांग होता. दोनच्या सुमाराला ओहोटी. जमलं असतं." त्यांनी कागद परत सरकवला. "एक न्हाय, तिन्ही चुकली. अष्टमी माझ्या डोक्यात बसली होती, दुसरं काय. नोकरीत आम्ही दर अष्टमीला बांध तपासायचो. हात तिकडंच जातो."

"मुकादम, असं सगळंच कबूल केलं तर आपल्याकडे सांगायला राहिलं काय?" मॅडम म्हणाल्या.

"खोटी हजेरी लावून तिवर यायचं न्हाय, मॅडम. मागं एकदा खऱ्या हजेरीवर सही करून बघितली, तिचंच ओझं हाय. खोटी कशाला आणखी?"

आकड्यांत चूक निघत नाही असा माझा लौकिक. ती माझ्या तक्त्यात निघाली आणि चौथी इयत्ता शिकलेल्या माणसाने काढली.

बैठक दुपारी अडीचला होती. तिकडे सकाळचे अकरा. मुकादम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि मस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलं. पडद्यावर बारा-तेरा चेहरे होते. डच बाईंनी मुकादमांना लगेच ओळखलं आणि स्वतःच्या पायाकडे बोट दाखवून हसल्या. मग त्यांनी प्रश्न विचारला. मॅडमनी तो मराठीत सांगितला.

मुकादम उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाईंना सांगा, चूक माझी हाय. कागदावर तारीख होती, मी तिथी धरली. तीन वर्सं तारखेबाहेर गेली. जमत होतं तरी गेली. ती काढा. पण झाडं खरी हायत, आकडे खरे हायत."

मॅडमनी सांगितलं. मीही माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की हे मला दुसऱ्या वर्षीच दिसलं होतं आणि मी कळवलं नाही. डच बाई लिहून घेत होत्या.

"आता एक विचारा," मुकादम म्हणाले. "चौथ्या वर्षी पंचवीसला ग्रहण होतं. तुमची माणसं त्या दिवशी मोजायला गेली होती का?"

बाईंचा चेहरा खुलला. त्यांनी पुष्कळ बोलून दाखवलं. मॅडम हसत सांगू लागल्या, "म्हणतायत, हो, आम्ही तारखेला बरोबर गेलो होतो. काम थांबवून सगळ्यांनी चौकटींशेजारी उभं राहून ग्रहण पाहिलं. काळ्या काचेतून."

"ते वर बघितलं. खाली काय होतं विचारा."

"खाली?"

"पायाखाली. ग्रहण सूर्याला लागतं ते अमावास्येलाच. म्हंजे उधाण. तुमच्या खाडीलाही चंद्र एकच ना? पाणी होतं का चौकटीत?"

मॅडमनी विचारलं. बाईंचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी "एक मिनिट" म्हटलं आणि पडद्यावरून उठून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्या दिवशीचा मूळ कागद होता, चिखलाच्या डागांसकट. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मग सगळ्यांना वाचून दाखवला. कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं: चौकटींवर गढूळ पाण्याचा थर, बारीक झाडं नीट दिसत नाहीत. ती नोंद संगणकात कोणी घेतली नव्हती, कारण तिच्यासाठी रकानाच नव्हता. त्या वर्षी त्यांच्याकडची बारीक झाडं एकदम कमी झाली आणि पुढच्या वर्षी परत आली. ती का गेली याचं कारण ते तेव्हापासून शोधत होते.

पडद्यावरच्या दुसऱ्या चौकोनातल्या एका दाढीवाल्या माणसाने हात वर केला. त्यांच्या किनाऱ्यावरही तसंच झालं होतं. मग आणखी एकाने.

मुकादम बसले. "गैरहजर नव्हती," मला हळूच म्हणाले. "पाण्याखाली होती."

निर्णय आठ दिवसांनी आला. मी तो पाठ होईपर्यंत वाचला. आमची तारखेबाहेरची तीन वर्षं मुख्य तक्त्यात धरणार नाहीत. पण ती पुसणार नाहीत, कारणासकट वेगळ्या तक्त्यात राहतील. आमचं ठिकाण अभ्यासात राहील. आणि भरती-ओहोटीच्या प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक देशात, यापुढे दोन रकाने जास्त: अमावास्या-पौर्णिमेपासून कितवा दिवस, आणि मोजताना चौकटीत पाणी होतं का. तारीख पंचवीसच, आगेमागे चार दिवस. पण त्या नऊ दिवसांतला भांगाचा दिवस निवडायचा.

बांधावरून चालताना मी हे मुकादमांना वाचून दाखवलं.

"म्हंजे सहातली तीन धरली."

"हो."

"तुमच्या परीक्षेत किती टक्के झाले?"

"पन्नास."

"पास हाय का?"

"पस्तीसला पास असतं, मुकादम."

"मग बरं," म्हणाले आणि उघाडी बघायला खाली उतरले.

तो पावसाळा संपता संपता त्यांची मुलगी आली. ती नागपूरला शिक्षिका आहे. वडिलांना भाजीवाल्याने दिलेली पावती वाचता येत नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि दोन्ही डोळ्यांच्या उपचारांसाठी त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी माझ्या घरी तीन वस्तू आणून ठेवल्या: पाइपची चौकट, फळी आणि मस्टर. बायकोने जिलेबी केली होती. या वेळी ती संपवूनच उठले.

"डोळे झाले की येतो, वैनी."

"या. उघाडी कुठे जात नाही," बायको म्हणाली.

सातव्या वर्षीची मोजणी मीच केली. नऊ दिवस मांडून बसलो. एकोणतीस ऑक्टोबरला शुद्ध सप्तमी येत होती. सात पाऊण सव्वापाच, म्हणजे साडेअकराच्या आत ओहोटी. मी ते छापील तक्त्याशी ताडून पाहिलं नाही.

त्या दिवशी फळीवर उकिडवा बसलो होतो तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊसाहेब, सप्तमीच धरली ना?"

"सप्तमीच. चौकटी कोरड्या आहेत. तुमचे डोळे कसे आहेत?"

"एक झाला. दुसरा फुडल्या म्हैन्यात. हितं सगळं हाय, पण पाणी कधी फिरतं ते कळत न्हाय. नळाला येतं सकाळी सहाला, रोज सहालाच. त्याला काय अर्थ हाय? बरं, हजेरी घ्या. मी हाय फोनवर."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो फळीवर ठेवला. त्यांनी नागपूरहून एक एक नाव घेतलं, मी खाडीतून उत्तरं दिली. पहिली चौकट, दुसरी, तिसरी. मग मी फळी उचलून बांधाच्या पायाशी आणली.

"चौथी चौकट," ते म्हणाले. "तिवर?"

मी सवयीने गैरहजर म्हणणार होतो. तरी त्यांच्यासारखा वाकलो, गवत बोटांनी बाजूला केलं. मोरसच्या आडोशाला, चौकटीच्या पुरती आत, दोन रोपं होती. पानं जाड, वरून हिरवी, खालून पांढुरकी. मी एक पान उलटून पुन्हा खात्री केली.

"भाऊसाहेब? तिवर?"

"हजर," मी म्हणालो. "दोन."

फोन तुटला की काय म्हणून मी उचलून पाहिला. चालू होता.

"पानं किती?" त्यांनी विचारलं.

"एकाला चार. दुसऱ्याला सहा."

"मापलं ना नीट? चौकटीच्या आत?"

"आत. काठापासून एक वीत आत."

"मग लिवा."

मी मस्टर मांडीवर घेतलं आणि सहा वर्षांच्या सहा गैरहजरांपुढे लिहिलं: हजर, दोन. लिहिताना तोंडाने म्हणतही होतो, म्हणजे त्यांना ऐकू जावं. त्यांनी ते ऐकलं आणि स्वतःशीच वजाबाकी करावी तसं म्हणाले, "एकशे बारातली दोन आली. ऱ्हायली एकशे दहा."